भोक पडलेली वाटी

मागच्या महिन्यात माळ्यावरच्या पेटीत आजीची एक तांब्याची वाटी सापडली. अर्धगोल, ना कडी, ना खाली बैठक, आणि तळाला भोक. आई म्हणाली, मोडीत घाल. बाबा म्हणाले, डाग देऊन घेऊ.

मी दोघांनाही थांबवलं. कारण भोक अगदी मधोमध होतं, सुईच्या टोकाएवढं, गोल. झिजून पडलेलं भोक इतकं नेमकं कसं पडेल? कुणीतरी ते मुद्दाम पाडलेलं.

ते निघालं घटिकापात्र. म्हणजे घड्याळच! पाण्याने भरलेल्या घंगाळात रिकामी वाटी सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत चढतं आणि 24 मिनिटांनी वाटी बुडते. ही एक घटका. दिवस-रात्र मिळून अशा 60. सूर्यसिद्धान्तातही हे तांब्याचं पात्र सांगितलंय. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त यावर साधायचे. ‘घटकाभर बस’ म्हणतो ना आपण, ती हीच घटका.

मग काय, बादलीत वाटी सोडली, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. 21 मिनिटं 40 सेकंद! तीनदा करून पाहिलं (आईची बादली तासभर अडकली), जवळपास तेवढंच.

चूक बहुतेक माझीच. पहिल्याच दिवशी मळ काढायला मी त्या भोकात सेफ्टी पिन फिरवली होती. भोक किंचित मोठं झालं असणार, म्हणून पाणी लवकर शिरतं. आता ते पुन्हा लहान कसं करणार?

तुमच्या माळ्यावर असं काही आहे का? फोटो पाठवा. घासायच्या आधीचा, प्लीज.