पुणं दाखवा, मग घरी जा



दीक्षान्त समारंभाचा पाहुणा म्हटला की उपदेश आलाच, आणि तो सोसायच्या तयारीनेच तुम्ही बसला आहात, हे मला इथून दिसतंय. मी उपदेश करणार नाही, एक काम सांगणार आहे. तुमच्यातले कितीतरी जण नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यातल्या गावांमधून इथे शिकायला आले. त्यांचे आईवडील आज पहाटेची एसटी धरून आलेत आणि कार्यक्रम आटोपला की संध्याकाळच्या गाडीने परत जायचा त्यांचा बेत आहे. तुम्ही या शहरात वर्षानुवर्षं राहिलात. त्यांनी पुणं पाहिलं ते एवढंच: स्वारगेटचा स्टँड, रिक्षावाल्याशी झालेली घासाघीस आणि तुमच्या होस्टेलचा जिना. तेव्हा आज त्यांना जाऊ देऊ नका. एक दिवस ठेवून घ्या आणि पुणं दाखवा.

पुणं दाखवायचं म्हणजे शनिवारवाडा, सारसबाग आणि जाताना पावशेर बाकरवडी, हे तर कोणीही करतं. तेही जरूर करा. पण जिथे जाल तिथे एक प्रश्न सोबत ठेवा: या दारातून एके काळी आत कोण जाऊ शकत होतं, आणि बाहेर कोणाला थांबावं लागत होतं?

सुरुवात इथूनच करा. ही जी मुख्य इमारत आहे, तिचं बांधकाम सर बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६४ मध्ये सुरू झालं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात मुंबई सोडून इथे मुक्कामाला यायचा. २२ जून १८९७ च्या रात्री याच वास्तूत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ झाला. तो आटोपून निघालेल्या रँडवर गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. रँड हा पुण्यातल्या प्लेग बंदोबस्ताचा प्रमुख. त्याच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत घुसत होते, रोगी शोधत होते, देवघरंही सोडत नव्हते.

त्याच वर्षी, त्याच प्लेगात, सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना उघडला होता. तिथे रोग्यांना पोहोचवता पोहोचवता सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडवर गोळी झाडली जायला तेव्हा साडेतीन महिनेही उरले नव्हते. एकाच साथीत कोणी लोकांची दारं मोडून आत शिरलं, तर कोणी घराचं दार ओलांडून रोग्यांपर्यंत गेलं. १९४९ मध्ये इथे विद्यापीठ आलं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि २०१४ पासून या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. ज्या वास्तूत रँड त्या रात्री पाहुणा होता, तिच्यावर आज हे नाव आहे. आईवडिलांबरोबर इमारतीसमोर फोटो काढाल, तेव्हा त्यांना एवढं सांगाच.

मग बस धरा आणि बुधवार पेठेत जा. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला रांग असेल. रांगेत उभं राहायला माझी ना नाही. आई ऐकणारही नाही. पण दर्शन झालं की रस्त्यापलीकडे पाहा. तिथे भिडे वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. वाडा वर्षानुवर्षं पडायला आलेला होता, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवला. इतकी वर्षं लाखो माणसं इथे येत राहिली, गणपतीला हात जोडून आणि त्या वाड्याकडे पाठ करून. आज ज्या मुलींनी पदवी घेतली, त्यांनी तरी तिथे दोन मिनिटं थांबावं.

तिथून चालत विश्रामबाग वाड्यावर या. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा वाडा. आत घाईने शिरू नका. आधी समोरच्या पदपथावर उभं राहून दर्शनी भाग पाहा. लाकडी खांब सुरूच्या झाडासारखे कोरले आहेत: खाली फुगीर, वर निमुळते होत गेलेले. वडील सुतारकाम जाणणारे असतील, तर ते या खांबांपाशी तुमच्यापेक्षा जास्त वेळ थांबतील, थांबू द्या.

या वाड्याची खरी गोष्ट मात्र शाळेची आहे. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात त्यासाठी दूरदूरचे ब्राह्मण गोळा होत. पेशवाई गेली, आणि इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टनने दक्षिणेचा काही पैसा वळवून १८२१ मध्ये या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. प्रवेश पुन्हा ब्राह्मण विद्यार्थ्यांनाच. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्याबरोबरच्या काही सुधारक ब्राह्मणांनी मागणी केली की दक्षिणेतला वाटा मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. ज्यांच्या ताटात ती दक्षिणा पडायची, त्याच जातीतल्या माणसांनी हे मागितलं होतं, म्हणून शहर त्यांच्यावर खवळलं. पुढे मराठी पुस्तकांना दक्षिणा प्राइज मिळू लागलं. पाठशाळेचं होता होता डेक्कन कॉलेज झालं, ते येरवड्याला गेलं. तिथे १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक महाकोश चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून टिपलेल्या चिठ्ठ्या कपाटांत लावून ठेवल्या आहेत, त्यांची संख्या कोटीच्या घरात आहे, आणि खंडामागून खंड निघूनही कोश अजून पहिल्या अक्षरापाशीच आहे. प्रबंध वेळेत झाला नाही म्हणून ज्यांची झोप उडाली होती, त्यांनी हे ऐकून जरा निवांत व्हावं.

जेवणाची वेळ झाली असेल. मिसळ खा, थाळी खा, मस्तानी प्या. हे मला तुम्हाला शिकवायची गरज नाही. फक्त बिल आज तुम्ही द्या.

दुपारी मंडईत जा. आठकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ मध्ये उघडली तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. ही मंडई व्हावी असा घाट घातला जात होता तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांनी त्या खर्चाला विरोध केला. एवढा पैसा लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडई झालीच. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आपल्या शहराचा स्वभाव इथे पुरता कळतो: माणसाचं ऐकायचं नाही आणि नंतर त्याचंच नाव द्यायचं. आईला कोथिंबिरीची जुडी विकत घेऊ द्या, भाव करू द्या, आणि हा किस्सा सांगा.

जवळच बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं आणि महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. राजेरजवाड्यांच्या तलवारी इतरत्रही मिळतात. इथे अडकित्ते आहेत, दिवे आहेत, दौती आहेत, शेवयांचे साचे आहेत. पाय घासायच्या वज्र्या पाहा: खालचा भाग खरखरीत, वर पितळेचा मोर बसवलेला. न्हाणीघरात पडून राहायची वस्तू, पण घडवणाऱ्याने मोराची मान वळवायला वेळ काढला. एरवी आपण आईवडिलांना म्युझियममध्ये नेतो तेव्हा समजावून सांगायचं काम आपल्याकडे असतं. इथे ते तुमच्या आईकडे जाईल. अशी एक आमच्या आजीकडे होती, असं ती म्हणेल, आणि वापरायची कशी तेही दाखवेल. ज्या माणसांना इतिहासाच्या पुस्तकात कोणी आत घेतलं नाही, त्यांच्या हातातल्या वस्तू केळकरांनी आत घेतल्या.

मग गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, फुले वाड्यावर जा. लहानसं, नीटस घर आहे. घरचा पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. भाषणं त्यांनी खूप केली, ग्रंथ लिहिले. पण हौद खुला करायला भाषण लागलं नाही. स्वतःच्या अंगणात शेजाऱ्यांच्या देखत ते करावं लागलं.

पाय दुखत नसतील तर उतरत्या उन्हात पर्वती चढा. पायऱ्या शंभरावर आहेत, पण रुंद आहेत. वडिलांना मध्ये बसू द्या. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं आणि पानिपतानंतर १७६१ मध्ये त्यांचा अंत झाला तोही पर्वतीवरच. पायऱ्या चढताना एक आणखी आठवा: ऑक्टोबर १९२९ मध्ये या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे होते, तरुण एस. एम. जोशी होते, काकासाहेब गाडगीळ होते. सत्याग्रहींना मारहाण झाली, दार त्या दिवशी उघडलं नाही. आज आपण दम लागला म्हणून जिथे थांबतो, तिथे त्यांना माणसांनी थांबवलं होतं.

एका दिवसात याहून जास्त होणार नाही. राहिलेलं तुम्ही नंतर एकटे पाहा. पेशवे दफ्तरात जा. मोडीतले कोट्यवधी कागद तिथे आहेत. ते अभ्यासकांना मिळायची मारामार होती. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा ते सामान्य वाचकाच्या हाती आले. हिंगण्याला जा, विधवांच्या आश्रमाची १९०० मधली झोपडी संस्थेने जपली आहे. हा आश्रम काढणारे धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून तिथवर चालत जात. त्याच माणसाने १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा विद्यार्थिनी पाच होत्या. आज या मांडवात किती मुली आहेत, ते मान वळवून पाहा.

आता हे सगळं मी तुम्हाला का दाखवायला सांगतोय? कारण आज तुम्ही आत आला आहात. तुमच्यातल्या अनेकांच्या घरातली ही पहिली पदवी. उद्या तुम्ही तहसील कचेरीत, बँकेत, प्रयोगशाळेत, शाळेच्या वर्गात, कंपनीच्या मुलाखतीच्या खोलीत टेबलाच्या आतल्या बाजूला बसाल. आजची बंद दारं सागवानी नसतात. इंग्रजीतच भरायचा ऑनलाइन अर्ज हे एक दार. खोली भाड्याने देण्याआधी विचारलेलं आडनाव हे दुसरं. महिन्याची फी भरता न आल्यामुळे अभ्यासिकेतली खुर्ची सोडणारा मुलगा तिसऱ्या दाराबाहेर उभा असतो. ही दारं कोणी एक दुष्ट माणूस लावून बसलेला नसतो. नियम आहे, पद्धत आहे, वरून आदेश आहेत, असं म्हणत चांगली, सुशिक्षित, पदवीधर माणसं ती लावून ठेवतात.

लोकहितवादींना, जोतीरावांना, कर्व्यांना त्यांच्या काळात पुण्याने शहाणं म्हटलं नाही. तुम्हालाही लगेच कोणी म्हणणार नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात क्रांती करा, असं मी सांगत नाही. आधी काम शिका, पगार घरी पाठवा. पण तुमच्या हाताखालचा एक तरी नियम असा शोधा, ज्यामुळे कोणी विनाकारण बाहेर थांबलं आहे, आणि तो बदलून घ्या. बदलता येत नसेल तर उठून बाहेर जा आणि त्या माणसाचा अर्ज तुम्ही भरून द्या.

पदवीबद्दल तुमचं आणि तुमच्या घरच्यांचं मनःपूर्वक अभिनंदन.