‘डकोटा’ : एक शब्द आणि एक विमान



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने विमान हा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण माझी वाट एका शब्दातून जाते. रस्त्यात तीनदा बंद पडणाऱ्या एस. टी.ला आपण ‘डकोटा’ म्हणतो. हल्ली आरशासमोर उभे राहिल्यावर तो शब्द मला स्वतःलाही लावावासा वाटतो. त्याचे कूळ शोधू गेलो, तेव्हा भाषेने येथे एका फार प्रामाणिक यंत्रावर अन्याय केला आहे, असे ध्यानात आले.

३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेत टी. डब्ल्यू. ए. कंपनीचे फॉकर विमान कोसळले. त्याच्या लाकडी पंखाचे सांधे ओलीने दुबळे झाले होते. लाकडी विमानांवरचा लोकांचा विश्वास उडाला. बोइंग कंपनी तेव्हा धातूचे, दोन इंजिनांचे विमान घडवू लागली. पण पहिली साठ विमाने तिच्याच भावकीतल्या युनायटेड कंपनीसाठी राखून ठेवलेली. तेव्हा टी. डब्ल्यू. ए.च्या जॅक फ्राय यांनी २ ऑगस्ट १९३२ रोजी इतर कारखानदारांना एक छोटेसे पत्र पाठविले. गद्य शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला त्या पत्राचा हेवा वाटतो. एकही शब्द वाया गेलेला नाही. मागणी होती तीन इंजिनांची. अट अशी की, एक इंजिन बंद पडले तरी आमच्या कोणत्याही विमानतळावरून भरलेले विमान उडाले पाहिजे.

डग्लस कंपनीचे अभियंते म्हणाले, दोनच इंजिने पुरेत. कंपनीने अट मात्र सोडली नाही. म्हणजे आता अर्ध्या बळावर उडायचे! धागा तुटला की आपला खासबागेतला विणकर माग थांबवितो, गाठ मारतो, पुन्हा सुरू करतो. विमानाला आकाशात थांबता येत नाही. दुसरे इंजिन ही तेथे पहिल्याच्या मरणाची तरतूद असते.

१ जुलै १९३३ रोजी ‘डीसी-१’ प्रथम उडाले आणि नाक वर करताच दोन्ही इंजिने गुदमरली. वैमानिक कार्ल कव्हर यांनी नाक खाली केले, ती पुन्हा जिवंत झाली. असे पायरी-पायरीने चढत त्यांनी विमान सुखरूप उतरविले. कार्ब्युरेटरमधले तरंगते भाग उलटे बसविले गेले होते, एवढीच चूक! पुढे ४ सप्टेंबरला, सुमारे १५०० मीटर उंचीवरच्या विन्स्लो येथे धावपट्टीवर धावत असतानाच एक इंजिन मुद्दाम बंद करण्यात आले. विमान उडाले, आणि एकाच इंजिनावर आल्बुकर्कीपर्यंत गेले.

त्याचा वंशज ‘डीसी-३’, १७ डिसेंबर १९३५ चा. त्यात एकवीस प्रवासी बसत, त्यामुळे टपालाच्या पैशावर विसंबण्याची गरज राहिली नाही. युद्धात त्याची लष्करी रूपे धरून दहा हजारांहून अधिक विमाने बनली. ‘डकोटा’ हे नाव ब्रिटिश वायुदलाने दिलेले. आपल्या सांबऱ्याचा विमानतळही १९४२ चा, त्याच युद्धाचे अपत्य.

युद्ध संपल्यावर उरलेली विमाने स्वस्तात निघाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला उभारलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांना प्रवासी रूप मिळाले. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतत. त्या रात्रसेवेतही डकोटांनी पुष्कळ काम केले. माझा तर्क असा की, नवी विमाने आल्यावरही ही म्हातारी राबत राहिली, म्हणून त्यांचे नाव ‘जुने’ या अर्थाला चिकटले. आणि जुने म्हणजे मोडके, ही भर आपली.

२०१८ साली दुरुस्त केलेले एक डकोटा इंग्लंडहून भारतात आले. आपल्या वायुदलाने त्याला ‘परशुराम’ हे चिरंजीवाचे नाव दिले. ते जहाजात घालून आणावे लागले नाही. स्वतःच्याच दोन इंजिनांवर ते उडत आले.