सोळा स्लाइस की एकशे अठ्ठावीस?

सीटी स्कॅन सेंटरच्या पाटीवर हल्ली ‘१२८ स्लाइस’ असं ठळक लिहिलेलं दिसतं. आकडा मोठा म्हणजे तपासणी उत्तम, असं वाटणं साहजिक आहे. पण ते सरसकट खरं नाही. का, ते समजण्यासाठी आधी थोडं मागे जाऊ.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. तेव्हा टेबल थांबायचं, क्ष-किरणांची नळी फिरायची, मग टेबल थोडं सरकायचं. एकेका छेदाला काही मिनिटं जात. पुढे स्पायरल पद्धत आली. नळी फिरतच राहते, टेबल सरकतच राहतं, सफरचंदाची साल एका सलग पट्टीत सोलावी तसं. आता अख्खी छाती एका दमात टिपली जाते.

स्लाइस म्हणजे एका फेरीत मिळणारे छेद. डोक्याला मार लागून रक्तस्राव झालाय का, हे सोळा स्लाइसचं यंत्रही चोख सांगतं. हृदयाची गोष्ट वेगळी. ते सतत हलतं, म्हणून चौसष्ट किंवा अधिक स्लाइस लागतात आणि ईसीजीच्या तालावर चित्रं घ्यावी लागतात. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण वापरणारं ड्युअल एनर्जी यंत्र तर मूतखडा युरिक ॲसिडचा की कॅल्शियमचा, हेही ओळखू शकतं. युरिक ॲसिडचा खडा अनेकदा औषधानं विरघळतो, शस्त्रक्रिया टळते!

तेव्हा पाटीवरचा आकडा नका पाहू. कोणता स्कॅन, कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा. गर्भारपण, किडनीचा त्रास किंवा ॲलर्जी असेल, तर टेबलावर झोपण्याआधीच सांगा.