कच्चे मडके आणि प्रौढांचे शिक्षण



शिकण्याचे वय बालपणाचे. पुढचे आयुष्य शिकलेले वापरण्याचे, असा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. या समजाला छेद देणारी एक कथा हिंगोली जिल्ह्याच्या भूमीशी जोडलेली आहे. परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये नरसी येथे झाला. विठ्ठलाचा लाडका भक्त अशी त्यांची कीर्ती झालेली असताना संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक पारखले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. तो निवाडा नामदेवांच्या जिव्हारी लागला. पुढे ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले होते. देव नसेल तेथे हे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले आणि तशी जागा नामदेवांना सापडेना.

ही कथा भक्तीची आहे. परंतु जाणत्या वयाचा माणूस कसा बदलतो, याचेही ते मार्मिक चित्र आहे. विसाव्या शतकात पाश्चात्त्य विद्वानांनी या प्रश्नावर मांडलेल्या सिद्धांतांपैकी तीन या कथेशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला सिद्धांत माल्कम नोल्स या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाचा. १९७० च्या सुमारास त्यांनी ‘अँड्रागॉजी’ म्हणजे प्रौढांना शिकवण्याचे स्वतंत्र शास्त्र मांडले. प्रौढ माणूस स्वतःच्या निर्णयाने शिकू इच्छितो, अनुभवाची शिदोरी घेऊन येतो आणि समोरचा प्रश्न सोडवण्यासाठीच शिकतो, हे त्याचे सार. बृहदारण्यक उपनिषदातील मैत्रेयी या सिद्धांतात चपखल बसते. याज्ञवल्क्य संपत्तीची वाटणी करू लागले, तेव्हा अमृतत्व न देणारी संपत्ती घेऊन काय करायचे, हा प्रश्न तिने स्वतःच विचारला. नामदेव मात्र या चौकटीत बसत नाहीत. शिकायचे काही उरले आहे, असे त्यांना वाटतच नव्हते. ज्याला गरजच जाणवत नाही तो कसा शिकतो, याचे पुरेसे उत्तर नोल्स यांच्याकडे मिळत नाही.

ते उत्तर जॅक मेझिरो यांच्या सिद्धांतात सापडते. मध्यम वयात पुन्हा महाविद्यालयात आलेल्या अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ मध्ये त्यांनी ‘परिवर्तनकारी अध्ययना’ची कल्पना मांडली. एखादा प्रसंग माणसाच्या गृहीतांनाच धक्का देतो. त्या गोंधळातून तो आपली गृहीते तपासतो आणि नव्या दृष्टीने जगू लागतो. थापटण्याचा आघात हा असाच प्रसंग होय. परंतु मेझिरो यांचा भर चिकित्सक विचार आणि संवाद यांवर आहे. नामदेवांचा अपमान, त्यांची तळमळ आणि गुरूवरील श्रद्धा यांना त्यात पुरेसे स्थान नाही. या सिद्धांतावरील एक प्रमुख आक्षेपही हाच आहे की तो भावनेला कमी लेखतो.

तिसरा सिद्धांत हार्वर्ड विद्यापीठातील रॉबर्ट केगन यांचा. १९८२ आणि १९९४ मधील ग्रंथांतून त्यांनी दाखवले की प्रौढपणीही मनाची घडण बदलत राहते. माणूस आधी भोवतालच्या अपेक्षांनी घडलेला असतो. पुढे तो स्वतःची भूमिका घडवतो. आणि क्वचित कोणी त्या भूमिकेच्याही मर्यादा पाहू शकतो. हा प्रवास व्हायचा तर आव्हान आणि आधार दोन्ही हवेत, असे केगन सांगतात. नुसत्या आव्हानाने माणूस मोडतो, नुसत्या आधाराने तो आहे तेथेच राहतो. संतमेळ्याने कच्चेपण दाखवले आणि परंपरेने पक्के होण्यासाठी गुरूचे दारही दाखवले.

तेराव्या शतकातील संताला विसाव्या शतकाच्या मापाने मोजणे अर्थातच अपुरे आहे. तथापि या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. नोल्स शिकण्याची प्रेरणा सांगतात, मेझिरो त्यातील कलाटणी सांगतात आणि केगन वाढीची दिशा सांगतात. भारतीय परंपरेने श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा जो क्रम लावला, त्यात शेवटची पायरी ज्ञान अंगी मुरवण्याची आहे. नामदेवांच्या बाबतीत ही पायरी त्यांच्या उत्तरायुष्यात दिसते. पंढरपूरचा हा भक्त पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचला आणि त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली.

या चर्चेचे प्रयोजन केवळ बौद्धिक नाही. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची साक्षरता राज्याच्या सरासरीहून कमी होती आणि स्त्रियांची तर पुरुषांहून बरीच कमी. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आले आणि २०२२ ते २०२७ या काळासाठी ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला गेला. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवावे, अशी त्याची रचना आहे.

त्या स्वयंसेवकासमोर बसलेली साठ वर्षांची आजी बालवाडीतले मूल नव्हे. पेरणी, बाजारहाट आणि संसाराचा हिशेब तिने आयुष्यभर तोंडी सांभाळला आहे. तिला ‘कमळ’ गिरवायला लावण्याआधी बचत गटाच्या पासबुकातील स्वतःचे नाव दाखवावे, हे नोल्स यांचे सांगणे. आपल्या नशिबी अंगठाच आहे, ही तिची समजूत हळुवारपणे हलवावी, हे मेझिरो यांचे. आणि सही करू लागलेल्या त्या हाताला ग्रामसभेत आपले मत मांडण्याचे बळ मिळेपर्यंत सोबत सोडू नये, हे केगन यांचे. वसमत परिसरातील हळद उत्पादकाला नवे तंत्र सांगणाऱ्यालाही हेच लागू पडते. आधी त्याचा अनुभव ऐकावा, मग आपले सांगावे.

सर्वांत कठीण शिक्षण मात्र शिकवणाऱ्याचे आहे. निरक्षर माणसाला अडाणी समजणारा कार्यकर्ता स्वतःच कच्चे मडके असतो. त्याच्या डोक्यावर थापटणे मारणारे कोणी भेटले तर त्याने रागावू नये. नामदेवांनी धरली तीच वाट धरावी.