ढगातल्या यंत्रांची हजेरी



गटांच्या बैठकांना गेलो की हल्ली एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. बचत, कर्जाची परतफेड, सभासदांची माहिती, सगळं आता मोबाईलवरच्या ॲपमध्ये भरायचं असतं. "मग ताई, हे सगळं जातं कुठं? आणि तिथं कुणी लक्ष ठेवतं का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं जरा लांबचं आहे, म्हणून आजचा वेळ त्यालाच देऊ.

ॲपमध्ये भरलेली माहिती दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जाते. आजकाल पुष्कळ कंपन्या आणि संस्था हे कॉम्प्युटर स्वतः विकत घेत नाहीत, भाड्यानं घेतात. लग्नाला मांडव आणि भांडी आणतो तसंच. या भाड्याच्या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग. नाव ढग असलं तरी तो जमिनीवरच असतो. मोठी इमारत, आत कॉम्प्युटरची कपाटंच कपाटं, चोवीस तास वीज आणि गारवा. मायक्रोसॉफ्टचं असं केंद्र पुण्यात २०१५ साली सुरू झालं, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ साली, गूगलचं मुंबईत २०१७ साली. केंद्र सरकारच्या क्लाउडचं नाव तर मेघराज आहे.

आता क्लस्टर. हा शब्द तुम्हाला नवा नाही. आपल्या प्रभागसंघाला कागदोपत्री क्लस्टर लेव्हल फेडरेशनच म्हणतात. इथं पुष्कळ कॉम्प्युटर मिळून एकाच कॉम्प्युटरसारखं काम करतात, त्या जुडीला क्लस्टर म्हणायचं. गटाला पाचशे पुरणपोळ्यांची ऑर्डर आली की अध्यक्षताई काम वाटून देतात. एकीला ताप आला तर तिचं पीठ दुसऱ्या दोघींकडे जातं, ऑर्डर मात्र वेळेवर पोचते. क्लस्टरमध्ये हे वाटपाचं काम कुबरनेटीस नावाचं सॉफ्टवेअर करतं. गूगलनं ते २०१४ साली जगापुढे आणलं. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, कोकणातल्या बायका ज्याला तांडेल म्हणतील तो. एक यंत्र बंद पडलं की तांडेल त्याचं काम दुसऱ्यावर टाकतो. गर्दी वाढली की नवी यंत्रं भाड्यानं घेता येतात, कमी झाली की परत करता येतात, आणि हेही आपोआप होतं.

नेमकी इथंच मोजणीची पंचाईत होते. शाळेत, ग्रामपंचायतीत डेडस्टॉक रजिस्टर असतं. कपाटावर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला, रजिस्टरात तोच नंबर. वर्षातून एकदा पडताळणी केली की झालं, कारण कपाट चालत कुठं जात नाही. क्लस्टरचं तसं नाही. पुण्यातल्या कंपनीत बसलेला एखादा मुलगा चहा पिता पिता पंधरा-वीस मिनिटांत नवं क्लस्टर उभं करतो. दारातून टेम्पो येत नाही, स्टोअरकीपरची सही लागत नाही. "जरा तपासून बघतो" म्हणून उभं केलेलं क्लस्टर काम संपल्यावर तसंच चालू राहतं. भाडं चढत राहतं. त्याहून वाईट म्हणजे, तपासण्यासाठी खऱ्या लोकांची माहिती त्यात भरलेली असेल तर तीही तिथंच पडून राहते. त्या लोकांत तुम्ही-आम्हीही असू शकतो.

प्रत्येकानं आपण होऊन सांगावं आणि मग रजिस्टरात लिहावं, ही पद्धत इथं टिकत नाही. गटात कर्ज देताना आपण विचारतो, "बाई, दुसरीकडचं कर्ज आहे का?" लाजेपोटी किंवा गरजेपोटी "नाही" म्हणणाऱ्या बायका आम्ही पाहिल्यात, त्यांना दोष देत नाही. म्हणून बँक क्रेडिट रिपोर्ट काढते. बाईला न विचारता नोंदीला विचारते. क्लस्टर शोधण्याची आपोआप पद्धत अगदी हीच आहे. भाड्यानं देणाऱ्या क्लाउड कंपनीकडे हिशेब असतोच, कारण तिला बिल लावायचं असतं. तिलाच विचारायचं, "आमच्या खात्यावर कुठली कुठली क्लस्टर चालू आहेत?" हे विचारायला एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला फक्त बघायची परवानगी द्यायची, काही बदलायची नाही. तो दर तासाला किंवा दर रात्री विचारतो. क्लस्टर सापडलं की आत जाऊन पुन्हा विचारतो की यंत्रं किती, त्यावर कुठली कामं चालू आहेत, सॉफ्टवेअर जुनं की नवं. मग ते सगळं रजिस्टरात आपोआप चढतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात खाचखळगे आहेत. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये प्रत्येक विभागाला वेगळं विचारावं लागतं. नुसतं मुंबईला विचारलं तर सिंगापूरला चालू राहिलेलं क्लस्टर दिसणारच नाही. नावावरही भरवसा ठेवता येत नाही. एका गावात तीन मंगल असतात, तशी 'टेस्ट' नावाची क्लस्टर दहा ठिकाणी असू शकतात. म्हणून कंपनीनं दिलेला वेगळा ओळखक्रमांकच लिहायचा.

सगळ्यात फसवी गोष्ट गैरहजेरी. एखादं क्लस्टर आज दिसलं नाही म्हणून खोडून टाकायचं नाही. एका बैठकीला न आलेल्या बाईचं नाव आपण गटातून काढतो का? कदाचित विचारणाऱ्या प्रोग्रामच्या परवानगीचीच मुदत संपलेली असेल. तेव्हा यादी रिकामी येते आणि साहेब म्हणतात, वा, सगळं स्वच्छ! म्हणून 'पहिल्यांदा कधी दिसलं' आणि 'शेवटचं कधी दिसलं' अशा दोन तारखा ठेवतात, आणि विचारणा नीट पार पडली का याची नोंद वेगळी.

यादी नसली तर काय होतं, याचा दाखला अमेरिकेतला आहे. इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जांचा इतिहास ठेवणारी कंपनी, भारतातही तिचं काम चालतं. २०१७ साली तिच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली, बहुतेक अमेरिकेतल्याच. चोर ज्या फटीतून शिरले ती बुजवायचा उपाय मार्चमध्येच जाहीर झाला होता. कंपनीत चारशेहून जास्त जणांना निरोपही गेला होता. पण ते सॉफ्टवेअर आपल्या कुठल्या कुठल्या यंत्रावर आहे याची पुरी यादीच नव्हती. शोधणारा प्रोग्राम चालवला, त्यालाही ते सापडलं नाही. चोर मे महिन्यात शिरले आणि कंपनीला पत्ता लागला जुलैच्या अखेरीस. अमेरिकेच्या संसदेनं चौकशी केली, तेव्हा यादी नसल्याचा मुद्दा अहवालात आला. दुसरं उदाहरण क्लस्टरचंच. टेस्ला या मोटारींच्या कंपनीच्या एका क्लस्टरचं नियंत्रणाचं पान पासवर्डशिवाय उघडं राहिलं होतं. बाहेरच्या लोकांनी आत शिरून तिच्या खर्चानं आभासी नाणी तयार केली. हे २०१८ साली बाहेर आलं.

आणि यंत्राला सगळंच सापडतं असंही नाही. क्रेडिट रिपोर्टात सावकाराचं कर्ज दिसत नाही, तसं एखाद्या कर्मचाऱ्यानं स्वतःच्या कार्डावर उघडलेल्या खात्यातलं क्लस्टर या पद्धतीला दिसत नाही. ते हुडकायला बिलं आणि खर्चाच्या पावत्याच चाळाव्या लागतात. सापडलेल्या प्रत्येकापुढे जबाबदार माणसाचं नाव हवं, तेही यंत्राला सुचत नाही. नाव नसलेल्या क्लस्टरला हात लावायला सगळेच भितात. "बंद केलं आणि कुणाचं काम अडलं तर?" म्हणत ते वर्षानुवर्षं चालू राहतं. आमच्या मते खरं काम हे नावं लिहिण्याचंच आहे आणि तेच सगळ्यात कंटाळवाणं आहे.

गटासाठी किंवा आपल्या उत्पादक कंपनीसाठी कुणी नवं ॲप, नवी वेबसाईट घेऊन आलं, तर सही करण्याआधी विचारा. आमची माहिती कुणाच्या खात्यावर राहणार? बिल कुणाच्या नावानं येणार? तुमच्याकडे यंत्रांची यादी आपोआप होते की कुणी आठवून लिहितं? काम संपल्यावर बंद कोण करणार, आणि बंद केल्याचं आम्हाला लेखी कोण देणार? समोरचा सर चिडला तरी चालेल, उत्तरं ठराव वहीत लिहून घ्या. ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, आपण एकत्र वाचू.