उष्णतेवर उष्णतेचा उतारा

उन्हाळा आला कीं माठांतलें पाणी, पन्हें, ताक ह्यांकडे मन धांवावें, हें महाराष्ट्रीय श्रोत्यांस इतकें सहज वाटतें कीं त्याच्या उलट कांहीं असेल अशी शंकाहि येत नाहीं. कोरियांत मात्र जुलैच्या मध्यावर, दमट हवेनें जीव कासावीस झाला असतां, सोल शहरांतील उपाहारगृहांपुढें लोक रांग लावून उभे असतात. आणि तें उकळत्या रश्श्यासाठीं!

वर्षांतील अशा तीन दिवसांस तेथें 'साम्बोक' म्हणतात. त्यांचें गणित जुन्या चिनी पंचांगाचें आहे: दक्षिणायनारंभानंतर सुमारें तीन आठवड्यांनीं पहिला, त्यापुढें बरोबर दहा दिवसांनीं दुसरा, आणि ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास तिसरा.

त्या दिवशींचें अन्न म्हणजे 'साम्ग्येतांग'. कोवळ्या कोंबडीच्या पोटांत चिकट तांदूळ, जिन्सेंगचें मूळ, लसूण व वाळलेलीं बोरें भरावयाचीं, मांस हाडापासून सुटेपर्यंत ती अख्खी शिजवावयाची, आणि मातीच्या भांड्यांत खदखदत असतांनाच खाणाऱ्यापुढें ठेवावयाची. मीठ व मिरपूड ज्यानें त्यानें घ्यावी. ह्यामागील विचार तेथील जुन्या वैद्यकाचा. उन्हाळ्यांत शरीराची ऊब कातडीकडे धांवते व पोट आंतून थंड पडतें. सबब वरून गार पाणी ओतणें म्हणजे मंदावलेली चूल विझविणें होय. 'ई-योल-ची-योल', उष्णतेनें उष्णतेवर मात, अशी म्हणच आहे. घाम येऊन वाळला म्हणजे अंग निवतें हें आधुनिक शास्त्रहि मान्य करील; दमट हवेंत तो वाळत नाहीं, हें मात्र म्हण सांगत नाहीं.

परंतु कोंबडी ही ह्या दिवसांची मूळची मानकरी नव्हे. 1849 सालीं होंग सोक-मो ह्यांनीं लिहिलेल्या 'तोंगगुक सेसिगी' ह्या सणवारांच्या ग्रंथांत येथें कुत्र्याच्या मांसाचा रस्सा नोंदला आहे. बैल नांगराला हवा. तो मारणें शेतकऱ्यास परवडणारें नव्हतें. 'बोक' हें चिनी अक्षरहि माणूस व कुत्रा ह्या दोन चिन्हांचें बनलेलें आहे. 1988 च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं अशीं उपाहारगृहें हमरस्त्यांवरून हटविण्यांत आलीं. जानेवारी 2024 मध्यें दक्षिण कोरियाच्या कायदेमंडळानें खाण्यासाठीं कुत्रे पाळणें, मारणें व विकणें ह्यांवर बंदी घातली. शिक्षेच्या कलमांस 2027 पर्यंत मुदत ठेविली. घरोघर कुत्रा मुलांबरोबर वाढूं लागला, तेव्हांच बहुतेक तरुणांनीं तो रस्सा सोडला होता. तंटा उरला तो पाळणाऱ्यांच्या पोटाचा व नुकसानभरपाईचा.

उलटेपणा येथेंच संपत नाहीं. बर्फगार रश्श्यांत बुडवून आज भर उन्हाळ्यांत खाल्ल्या जाणाऱ्या कुट्टूच्या शेवया, 'नेंगम्यन', त्याच ग्रंथांत अकराव्या चांद्रमासांत, म्हणजे कडाक्याच्या थंडींत, नोंदल्या आहेत. मुळ्याच्या लोणच्याचें गारठलेलें आंबट पाणी हिंवाळ्यांतच मिळे, आणि खालून तापविलेल्या जमिनीवर बसून तें पिण्यांत मौज असे. पुढें कृत्रिम बर्फ निघालें, आणि शेवयांचा ऋतु बदलला.

1950 ते 1953 च्या युद्धांत घरदार टाकून आलेल्या उत्तरेकडील लोकांनीं प्योंगयांगची ही चव दक्षिणेंत रुजविली. त्यांची परतीची वाट बंद झाली. दुकानें मात्र राहिलीं. 27 एप्रिल 2018 रोजीं पानमुनजोम येथें दोन्ही बाजूंचे प्रमुख भेटले, तेव्हां किम जोंग-उन ह्यांनीं मेजवानीसाठीं प्योंगयांगच्या शेवया आणविल्या. त्याच दुपारीं सोलमधील शेवयांच्या दुकानांपुढें लांब रांगा लागल्या. उन्हाळा अजून लागावयाचा होता.