समुद्रानें वेढलेल्या शाळा आणि मुलांचीं नवीं साधनें

(महोत्सवाच्या निमित्तानें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हवाई बेटांचें नांव आपल्या घरांत प्रथम आलें, तें बहुधा मोलोकाईच्या फादर दामियन यांच्या चरित्रामुळें. १८७३ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं ते त्या बेटावर गेले, १८८९ सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला, आणि २००९ सालीं त्यांची संतपदीं स्थापना झाली. आज मला त्याच बेटांविषयीं बोलावयाचें आहे, परंतु निराळ्या कारणानें. तेथील शाळांतील मुलांच्या हातीं छापयंत्र आलें, संगणक आला, कॅमेरा आला. त्या साधनांचें त्यांनीं काय केलें, एवढाच माझा विषय. आपल्याकडे शाळेंत संगणक आला कीं त्याला हार घालून फोटो काढतात, आणि पुढें पुष्कळदां त्या खोलीला कुलूप लागतें. म्हणून उत्सवाच्या दिवशींहि हा विषय मला अप्रस्तुत वाटत नाहीं.

हवाई हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं एक राज्य खरें, परंतु तें पॅसिफिक महासागराच्या मध्यभागीं आहे. मनुष्यवस्तीचीं अशीं त्यांत सात बेटें. एका बेटावरून दुसऱ्यावर जावयाचें तर बहुधा विमानच धरावें लागतें. सर्व सरकारी शाळा मात्र एकाच शिक्षणखात्याखालीं चालतात. लानाई बेटावर बालवर्गापासून बारावीपर्यंतची एकच सरकारी शाळा आहे. निइहाऊ हें तर खाजगी मालकीचें बेट. तेथील मूठभर लोकांची मातृभाषा अजून हवाईयन राहिली आहे, आणि त्यांची शाळा सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या विजेवर चालते. अशा ठिकाणीं वाढणाऱ्या मुलाला जग दूरचें वाटावें हें स्वाभाविक आहे. त्याहून जिव्हारीं लागणारी गोष्ट अशी कीं, पडद्यावर त्याला आपलें बेट दिसतें तें सहलीला आलेल्या परक्याच्या डोळ्यांनीं: वाळू, माडाचीं झाडें आणि फुलांच्या माळा. आपले आजोबा, आपली गल्ली, आपली बोली त्यांत कोठेंच नसते.

ह्या कथेचा आरंभ संगणकाच्या पुष्कळ आधीं झाला. १८२० सालीं प्रॉटेस्टंट मिशनरी तेथें पोंचले. हवाईयन भाषेला तोंवर लिपि नव्हती. त्यांनीं ती रोमन अक्षरांत बसविली. पांच स्वर व सात व्यंजनें एवढ्यांत सारें भागलें. १८३१ सालीं माउई बेटावर लाहायनाच्या वरच्या टेकडीवर लाहायनालुना ही शाळा निघाली. तेथें एक हातयंत्र होतें. १४ फेब्रुवारी १८३४ रोजीं त्या यंत्रावर ‘का लामा हवाई’ हें पत्र निघालें. हवाईयन भाषेंतील तें पहिलें वर्तमानपत्र, आणि तें शाळेच्या विद्यार्थ्यांसाठींच होतें! त्यांत त्या मुलांनीं कधीं न पाहिलेल्या जनावरांचीं चित्रें लांकडावर कोरून छापीत. पुढें विद्यार्थी तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम शिकले, आणि कलामा नांवाच्या विद्यार्थ्यानें आपल्या बेटांचा नकाशा स्वतः कोरला. आपल्या मुलुखाचा नकाशा आपल्याच हातानें काढणें ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आमच्या शाळांत आजहि मुलें छापील नकाशे विकत घेऊन त्यांत रंग भरतात, आणि आपल्या गांवाची खाडी कोठून वळते हें त्यांना सांगतां येत नाहीं.

त्या दिवसापासून १९४८ पर्यंत हवाईयन भाषेंत शंभराच्या आसपास वर्तमानपत्रें निघालीं. त्यांचीं पृष्ठें सव्वा लाखाच्या घरांत जातात. परंतु मध्यंतरीं राज्य गेलें. १८९३ सालीं राणी लिलिउओकलानी पदच्युत झाली, आणि १८९६ च्या कायद्यानें शाळांतील शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली. भाषा घरांतूनहि हळूहळू उठली. १९८३ सालीं कांहीं मंडळी जमलीं व त्यांनीं ‘पुनाना लेओ’ म्हणजे ‘भाषेचें घरटें’ ह्या नांवानें बालशाळा काढण्याचें ठरविलें. त्या वेळीं ती भाषा बोलणारीं अठरा वर्षांखालील मुलें पन्नासहि नव्हतीं असें सांगतात. १९८७ पासून सरकारी शाळांतहि हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. पुस्तकें कोठून आणावयाचीं? आईबाप व शिक्षक रात्रीं बसून इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांवर हवाईयन मजकुराच्या चिठ्ठ्या चिकटवीत.

येथें संगणक उपयोगी पडला. परंतु त्यांतहि एक अडचण होती. त्या भाषेंत स्वरावर आडवी रेघ असते व शब्दांत मधेंच एक उलटें स्वल्पविरामासारखें चिन्ह येतें. ह्या दोन खुणा गाळल्या तर शब्दाचा अर्थ पालटतो. यंत्राला तीं चिन्हें ठाऊक नव्हतीं. ज्यांनीं देवनागरींत एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडल्यावर नुसती निरर्थक चिन्हें पाहिलीं आहेत, त्यांना हें दुःख सांगावयास नको. तेथील विद्यापीठाच्या मंडळींनीं स्वतः अक्षरवळणें तयार केलीं, आणि १९९४ सालीं ‘लेओकी’ नांवाची व्यवस्था उभी केली. टेलिफोनच्या तारेनें निरनिराळ्या बेटांवरील हवाईयन माध्यमाच्या शाळा तिच्याद्वारें एकमेकींस जोडल्या गेल्या. मुलें परस्परांस पत्रें लिहूं लागलीं, आणि पडद्यावरील प्रत्येक सूचना, प्रत्येक कळीचें नांव त्यांच्याच भाषेंत होतें. यंत्र आपल्या भाषेंत बोलूं शकतें हें ज्या मुलाला लहानपणीं कळतें, त्याला ती भाषा केवळ आजीची वाटत नाहीं.

एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाहीं. ‘होकुलेआ’ हें दोन नावा जोडून जुन्या पद्धतीनें १९७५ सालीं बांधलेलें शिडाचें जहाज. तारे, वारा व लाटा ह्यांवरून, होकायंत्राशिवाय, तें १९७६ सालीं ताहितीला गेलें. १९९२ च्या ऑक्टोबरांत तें पुन्हां समुद्रावर होतें, आणि त्याच वेळीं होनोलुलूंत वाढलेला लेसी व्हीच हा अंतराळवीर ‘कोलंबिया’ यानांतून पृथ्वीभोंवतीं फिरत होता. त्यानें आपल्याबरोबर हवाईच्या डोंगरावरील दगडी कुऱ्हाडीचा एक दगड नेला होता. यान, जहाज आणि हवाईंतील शाळेंत बसलेलीं मुलें अशा तिघांचा संवाद झाला. पूर्वजांची विद्या आणि नवें शास्त्र ह्यांत भांडण आहे, असें त्या मुलांना पुन्हां कोणी पटवूं शकलें असेल असें मला वाटत नाहीं.

आतां कॅमेऱ्याकडे वळतों. ओआहू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाइआनाए म्हणून वस्ती आहे. मूळच्या हवाईयन लोकांची संख्या तेथें मोठी, आणि दारिद्र्यहि मोठें. घर नसलेलीं कुटुंबें समुद्रकिनाऱ्यावर राहुट्या ठोकून राहात आलीं आहेत. बातम्यांत त्या गांवाचें नांव येई तें गुन्ह्यांच्या संबंधानें. तेथील माध्यमिक शाळेंत, त्याच शाळेची माजी विद्यार्थिनी असलेल्या कँडी सुइसो ह्या शिक्षिकेनें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत चित्रफिती बनविण्याचा वर्ग उभा केला. ‘सीरायडर प्रॉडक्शन्स’ असें त्याचें नांव. त्यांतील मुलांनीं अमेरिकेंतील मोठ्या स्पर्धांत बक्षिसें मिळविलीं, तें असो. खरी गोष्ट ही कीं, ज्या गल्लींत बाहेरचा बातमीदार फक्त पोलिसांच्या गाडीमागून येत असे, त्या गल्लींत आतां गल्लींतलींच मुलें कॅमेरा घेऊन उभीं राहिलीं.

२८ फेब्रुवारी २०११ रोजीं हवाईच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनें ‘हिकी नो’ हा कार्यक्रम सुरू केला. ‘हिकी नो’ म्हणजे ‘जमेल, होईल’. निरनिराळ्या बेटांवरील सरकारी, सनदी व खाजगी शाळांतील मुलांनीं तयार केलेल्या बातम्या व वृत्तांत त्यांत दाखवावयाचे. मुलें माध्यमिकच नव्हेत तर त्याहून लहानहि. ह्या कार्यक्रमाची रीत मला विशेष आवडली ती अशी. मुलांनीं प्रथम विषय लिहून कळवावयाचा. तो मान्य झाला कीं चित्रण करून कच्चें संकलन पाठवावयाचें. मग दूरचित्रवाणीचे संपादक तें पाहून दोष कळवितात: हा मनुष्य काय म्हणतो तें ऐकूं येत नाहीं, येथें तुम्ही स्वतःचें मत घुसडलें आहे, ह्या विधानाला आधार काय? काम परत येतें. मुलें पुन्हां त्या माणसाच्या दारीं जातात, पुन्हां विचारतात, पुन्हां जुळवितात. चारचारदां परत आलेली गोष्ट शेवटीं प्रसारित होते तेव्हां साऱ्या बेटांवर ती लोक पाहतात. वर्गांत गुण मिळवून गप्प बसण्याची सोयच नाहीं. चूक राहिली तर शेजारीण दुसऱ्या दिवशीं बाजारांत विचारणार!

कोणी म्हणेल, मुलें अगोदरच पडद्याला चिकटलेलीं आहेत, त्यांत ही भर कशाला? आक्षेप खोटा नाहीं. मोबाईलवर दिवसभर दुसऱ्याचे चाळे पाहणारें मूल मींहि पाहतों. परंतु पाहणें निराळें व बनविणें निराळें. दोन मिनिटांची प्रामाणिक बातमी तयार करण्यासाठीं मुलाला अनोळखी वृद्धासमोर बसून तासभर ऐकावें लागतें, त्याचें नांव बरोबर लिहावें लागतें, आणि त्यानें विश्वासानें सांगितलेलें काय वगळावें हेंहि ठरवावें लागतें. ह्यांतलें एकहि काम यंत्र करून देत नाहीं. नुसतीं यंत्रें वांटून शाळा सुधारली असें म्हणणाऱ्यांशीं माझें पटत नाहीं, आणि यंत्राला शिवूंच नका म्हणणाऱ्यांशींहि नाहीं.

ह्या शिक्षणाची परीक्षा दोनदां झाली. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां मुलांनीं घरीं बसून स्वतःविषयीं चित्रफिती केल्या, व त्या प्रसारित झाल्या. दुसरा प्रसंग फार भयंकर. ८ ऑगस्ट २०२३ रोजीं लाहायना गांव आगींत भस्म झालें. शंभराहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. एक प्राथमिक शाळा नष्ट झाली. जुन्या न्यायालयाच्या इमारतींतील संग्रहालयहि जळालें. टेकडीवरील लाहायनालुना शाळा मात्र वांचली. तिच्या आवारांतील दगडी छापखान्याची जुनी इमारतहि वांचली. शाळेंतील मुलें कांहीं काळ दुसऱ्या गांवच्या शाळेंत जात होतीं, व ऑक्टोबरांत आपल्या वर्गांत परत आलीं. त्या जुन्या वर्तमानपत्रांचीं हजारों पृष्ठें त्याच्या आधींच संगणकांत सुरक्षित झालीं होतीं. २०११ च्या नोव्हेंबरापासून स्वयंसेवकांनीं, घरोघरीं बसून, साठ हजार पृष्ठें अक्षर न् अक्षर पुन्हां टंकित करण्याचें काम हातीं घेतलें होतें. त्यांत भाषा न येणारे लोकहि होते. एका गांवाचीं घरें जळूं शकतात, परंतु अनेक घरांत उतरून ठेवलेलें पान एका रात्रींत जळत नाहीं.

शेवटीं खर्चाचा प्रश्न, कारण सभेनंतर तोच विचारला जाणार हें मी जाणतों. वाइआनाएच्या शाळेनें त्याचें उत्तर असें काढलें कीं, मुलें बाहेरच्या संस्थांसाठींहि चित्रफिती तयार करून देऊं लागलीं, व त्या पैशांतून नवीं उपकरणें आलीं. आपल्या धर्मग्रामांत असें काम कितीतरी निघेल. परंतु आरंभाला तेवढेंहि नको. ज्या घरांत ऐंशी वर्षांचें माणूस आहे त्या घरीं दोन मुलांनीं एका रविवारीं मोबाईल व वही घेऊन जावें. काय विचारावयाचें त्याची यादी मीं शाळेच्या मुख्याध्यापकांकडे दिली आहे. तींत पहिला प्रश्न विहिरींविषयीं आहे.